बायकांच्या पानाची 'स्टाईल' झाली तेव्हा : वॉशिंग्टन पोस्टच्या एका विभागाचं प्रकरण

६ जानेवारी १९६९, सोमवार. त्या दिवशी वॉशिंग्टन शहरात ज्यांच्या घरी 'वॉशिंग्टन पोस्ट' यायचा त्यांना अंकातला एक ओळखीचा विभाग सापडला नाही. 'फॉर अँड अबाउट विमेन' हे त्याचं नाव. बायकांसाठी आणि बायकांविषयी. लग्नं, साखरपुडे, वकिलातींमधल्या मेजवान्या, व्हाइट हाउसमधलं चहापान, कपडेलत्ते, घर. त्याच्या जागी 'स्टाईल' नावाचा नवा विभाग होता, आणि त्याच्या पहिल्या पानावर नवरीचा फोटो नव्हता. तिथे एफबीआयला हवी असलेली एक बाई होती. एका अपहरणाच्या गुन्ह्यात तिचा शोध चालू होता आणि एफबीआयच्या दहा अट्टल फरारींच्या यादीत आलेली ती पहिलीच स्त्री होती.

निवड मुद्दाम केलेली होती. विषय बाईचाच होता, पण अशी बाई कालपर्यंत त्या पानावर आली नसती.

फीचर विभागांच्या, म्हणजे घडामोडींच्या बातम्यांपलीकडच्या लेखांच्या पानांच्या, इतिहासात हा दिवस मैलाचा दगड मानतात, आणि ते योग्यच आहे. मात्र ही गोष्ट नेहमी एका तडफदार संपादकाच्या धाडसाची म्हणून सांगितली जाते. मला ती अपुरी वाटते. हा बदल ज्या खोलीत झाला त्या खोलीत काही माणसं आधीपासून काम करत होती. त्यांनी काय मागितलं होतं आणि बदल झाल्यावर त्यांच्या वाट्याला काय आलं, हे पाहिल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही. पुरवणीच्या पानांवर ज्यांनी काम केलं आहे त्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

आधीची परिस्थिती

आज पोस्ट म्हटलं की वॉटरगेटचं राजकीय हेरगिरीचं प्रकरण आणि त्यातून झालेला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा राजीनामा आठवतो. १९६०च्या दशकातला पोस्ट मात्र मुळात एका शहराचं वृत्तपत्र होता. १९३३ साली दिवाळखोरीतल्या या पत्राचा लिलाव झाला तेव्हा युजीन मेयर यांनी तो ८ लाख २५ हजार डॉलरना घेतला. शहरातलं प्रतिष्ठित पत्र होतं 'ईव्हनिंग स्टार', १८५२ पासून चालत आलेलं. १९५४ मध्ये पोस्टने 'टाइम्स हेरल्ड' विकत घेतला आणि त्याचे वाचक आपल्याकडे आणले, तिथून पारडं फिरलं. १९६३ मध्ये मेयर यांचे जावई फिलिप ग्रॅहम वारले आणि कंपनी त्यांच्या पत्नी कॅथरीन ग्रॅहम यांच्या हाती आली. १९६५ मध्ये त्यांनी 'न्यूजवीक'मधून बेन ब्रॅडलींना आणलं आणि १९६८ मध्ये ते कार्यकारी संपादक झाले.

शहरही बदलत होतं. राजधानीत कृष्णवर्णीयांचं बहुमत होऊन काही वर्षं झाली होती. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर रस्तेच्या रस्ते जळाले. व्हिएतनामविरोधी मोर्चे निघत होते, तरुणांचं संगीत, कपडे, बोलणं सगळं वेगळं झालं होतं. हे शहर पहिल्या पानावर दिसायचं ते दंगल आणि मोर्चा म्हणून. माणसं रोजची कशी जगतात, काय ऐकतात, कशावर हसतात, कुणाला घरी बोलावतात, हे छापायला अंकात जागाच ठरलेली नव्हती.

लिहिणारी माणसं नव्हती असं नाही. संगीत समीक्षक पॉल ह्यूम यांनी डिसेंबर १९५० मध्ये मार्गारेट ट्रुमन यांच्या गाण्याविषयी परखड लिहिलं, तेव्हा वडिलांनी, म्हणजे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी, स्वतःच्या हाताने त्यांना शिव्याशापांचं पत्र धाडलं होतं. रिचर्ड को नाटकांवर लिहीत. आणि १९५९ ते १९६२ या काळात टॉम वुल्फ पोस्टमध्ये साधा बातमीदार होता! पुढे तो 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'मध्ये गेला आणि तिथल्या रविवारच्या पुरवणीत त्याने अमेरिकी पत्रकारितेची भाषाच बदलून टाकली. असा माणूस हाताशी असून तो दुसऱ्या शहरात जाऊन फुलला, ही गोष्ट पोस्टच्या त्या वेळच्या पानांविषयी पुरेसं सांगते.

मेरी सॉअर यांचा प्रस्ताव

बायकांच्या पानाच्या संपादक होत्या मेरी सॉअर. बरीच वर्षं त्यांनी हा विभाग सांभाळला. वॉशिंग्टनमध्ये मेजवानीची बातमी ही नुसती मेजवानीची नसते. कोणत्या वकिलातीत कोण आलं, कोण आलं नाही, कोण कुणाशेजारी बसलं, यावरून सरकारचा कल कळतो. सॉअर यांच्या बातमीदार बायका हे वाचायला तरबेज होत्या.

त्या आणखी कुठे जाणार होत्या, हाही प्रश्नच होता. राजधानीतल्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये देशोदेशीचे नेते भाषणं करत, आणि क्लबचं सदस्यत्व बायकांना नव्हतं. १९५५ पासून त्यांना भाषण ऐकायला परवानगी मिळाली ती सज्जातून. खाली पुरुष सहकारी जेवत जेवत टिपणं घेत आणि वर बायका दाटीवाटीने उभ्या. खालच्या टेबलांवरून प्रश्न विचारता येत, सज्जातून येत नसत. सदस्यत्व मिळायला १९७१ उजाडलं. त्या काळात स्त्री बातमीदाराला हक्काची, दररोजची, मथळ्यासह जागा मिळायची ती बायकांच्या पानावरच.

सॉअर यांनी १९५०च्या दशकातच वरिष्ठांपुढे प्रस्ताव ठेवला होता की हे पान फक्त बायकांचं न ठेवता स्त्री-पुरुष दोघांनी वाचावं असा सर्वसाधारण फीचर विभाग करावा. तो फेटाळला गेला. 'स्टाईल'च्या कर्तृत्वाच्या यादीत हे नाव यायला हवं, आणि बहुतेक वेळा ते येत नाही.

त्या एकट्याही नव्हत्या. १९६० पासून मिसुरी विद्यापीठ आणि जे. सी. पेनी कंपनी यांच्यातर्फे बायकांच्या पानांसाठी पारितोषिकं दिली जात, आणि 'मायामी हेरल्ड'च्या मेरी अँडरसन यांनी ती इतक्यांदा पटकावली की त्यांना स्पर्धेतूनच बाजूला ठेवावं लागलं. गंभीर विषय, उत्तम मांडणी, जिवंत लेखन हे सगळं त्या पानांवर ठिकठिकाणी सुरू झालं होतं. वरच्या मजल्यावर ते कुणी वाचत नव्हतं इतकंच.

निर्णय आणि त्याची अंमलबजावणी

ब्रॅडलींच्या मनात होतं ते असं : या देशातले स्त्री आणि पुरुष, एकत्र आणि वेगवेगळे, कसे जगतात, त्यांना काय आवडतं, ते मुळात आहेत तरी कसे, हे सांगणारं रोजचं पान. 'बायकांचं' हा शिक्का नको. विभाग उभारण्याचं काम त्यांनी डेव्हिड लव्हेंथॉल यांच्यावर सोपवलं. हे 'हेरल्ड ट्रिब्यून'मधून आलेले, म्हणजे वुल्फ जिथे फुलला त्याच मुशीतले.

प्रत्यक्षात काय बदललं? पहिली गोष्ट, विखुरलेलं एकत्र आलं. नाटक, सिनेमा, संगीत, पुस्तकं, टीव्ही, व्यक्तिचित्रं, मेजवान्या, स्तंभ असं सगळं एका छताखाली, एका संपादकाच्या हाताखाली. दुसरी, लांबी. मुख्य लेखाला हवी तेवढी जागा मिळू लागली आणि पानाची मांडणी त्या लेखाभोवती होऊ लागली. जाहिरातींच्या उरलेल्या भोकांत मजकूर भरायचा, ही पद्धत संपली. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची, लेखकाचा आवाज. मुख्य अंकात बातमीदाराने स्वतःला लपवायचं असतं. 'स्टाईल'मध्ये त्याने पाहिलेलं, ऐकलेलं, त्याला वाटलेलं वाक्यावाक्यातून आलं तरी चालत होतं, फक्त पाहिलेलं खरं असायला हवं.

सुरुवातीचे अंक धड नव्हते. विभागाला स्वतःचा सूर सापडायला वेळ लागला, आणि या काळात सर्वांत अस्वस्थ होत्या खुद्द मालकीणबाई. कॅथरीन ग्रॅहम यांनी आत्मचरित्रात हे मोकळेपणाने लिहिलं आहे. जुन्या पानावरचं फॅशन, खाणंपिणं, घरसंसार यांतलं बरंच काही एका फटक्यात गेलं आणि बायका ज्यासाठी अंक उघडतात तेच आपण टाकून देतोय, अशी त्यांची धास्ती होती. त्या वारंवार ब्रॅडलींना सांगू लागल्या. शेवटी ब्रॅडलींनी त्यांना तोंडावर सांगितलं की आत्ता हात घालू नका, थोडे आठवडे द्या, मग बोलू.

मालकाशी संपादक असं बोलला आणि मालकाने ते ऐकलं. या प्रकरणातला कळीचा क्षण मला हाच वाटतो. फीचर विभाग बहुतेक वेळा वाचकांच्या नापसंतीने मरत नाहीत. मालकाच्या घरच्यांना, मित्रांना, जाहिरातदारांना काय वाटलं याची चर्चा तिसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि पाचव्या आठवड्यात जुनं पान नवं नाव घेऊन परत येतं. इथे तसं झालं नाही. त्याचबरोबर ग्रॅहम यांची तक्रार सरसकट चुकीची होती असंही मी म्हणणार नाही. खाणं आणि घर यांत रस असणं हे कमीपणाचं नाही, आणि नव्या संपादकांच्या मनात त्याविषयी थोडी तुच्छता होतीच. पोस्टने खाद्यविषयक मजकुराला पुढे स्वतंत्र विभाग दिला, तेव्हा त्या तक्रारीला उत्तर मिळालं.

अशीच कसोटी निकोलस फॉन हॉफमन यांच्या स्तंभाने लावली. 'स्टाईल'मध्ये छापला जाणारा हा स्तंभ इतका जहाल असे की संतापलेल्या पत्रांचा रतीब लागे. हे गृहस्थ अंकात नसते तर आपलं आयुष्य पुष्कळ सोपं झालं असतं, असं ग्रॅहम यांनी नंतर लिहिलं आणि तरीही त्यांची जागा अंकातच होती हेही नोंदवलं.

मेजवानीची बातमी

'स्टाईल'ने काय केलं हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते मेजवानीच्या बातमीत. जुन्या पद्धतीची बातमी म्हणजे पाहुण्यांची यादी, यजमानीणबाईंचा पोशाख, फुलांची सजावट, जेवणातले पदार्थ. यजमान खूश, पाहुणे खूश, आणि पुढचं आमंत्रण पक्कं. 'स्टाईल'ची बातमीदार त्याच दालनात जायची, पण पाहुण्यांचं बोलणं टिपून आणायची. मंत्री दुसऱ्या ग्लासानंतर काय म्हणाला, कुणाला पाहून कुणी तोंड फिरवलं, संगीत थांबल्यावर कोण कुणाला कोपऱ्यात घेऊन गेलं. वॉशिंग्टनच्या बड्या मंडळींना समारंभातलं आपलं बोलणं जसंच्या तसं छापून येण्याची सवय नव्हती. ती लागायला वेळ गेला आणि काहींना कधीच लागली नाही.

१९६९ मध्येच सॅली क्विन यांना याच कामासाठी घेतलं. वृत्तपत्रात लिहिण्याचा त्यांना अनुभव नव्हता, राजधानीतला समाज मात्र आतून माहीत होता. त्यांच्याहून मला ज्युडिथ मार्टिन यांचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं, कारण त्या जुन्या बायकांच्या पानावरच घडलेल्या. जून १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची मुलगी ट्रिशिया हिचं लग्न व्हाइट हाउसच्या बागेत झालं. मार्टिन यांचं आधीचं लिखाण खटकलेलं असल्याने व्हाइट हाउसने त्यांना प्रवेशपत्र नाकारलं आणि पोस्टने दुसरी कुणी पाठवावी असं सुचवलं. पोस्टने नकार दिला. बातमी कोण करणार हे आम्ही ठरवू. मग इतर वृत्तपत्रांच्या बातमीदार बायकांनी आपापली टिपणं मार्टिन यांना दिली आणि आत पाऊल न ठेवता त्यांनी लग्नाचा भरगच्च वृत्तान्त लिहिला. लग्नाच्या बातमीवरून सरकार आणि वृत्तपत्र यांच्यात तत्त्वाचा झगडा व्हावा, यातच त्या पानाचं वजन किती वाढलं होतं ते कळतं. याच मार्टिन १९७८ पासून 'मिस मॅनर्स' या नावाने शिष्टाचारांवर स्तंभ लिहू लागल्या आणि तो देशभर पोचला.

पुढचा प्रसंग जास्त कडू आहे. १९७२च्या निवडणुकीनंतर, वॉटरगेटच्या बातम्यांचा राग म्हणून व्हाइट हाउसने पोस्टच्या समारंभ-बातमीदार डॉरथी मॅकार्डल यांना समारंभांतून वगळायला सुरुवात केली. त्या तेव्हा ६८ वर्षांच्या होत्या. वॉटरगेटच्या एकाही बातमीशी त्यांचा संबंध नव्हता. इथे प्रतिस्पर्धी 'स्टार'ने जे केलं ते लक्षात ठेवण्याजोगं आहे : पोस्टच्या बाईंना आत घेणार नसाल तर आम्हालाही वेगळी वागणूक नको, अशी भूमिका त्या पत्राने अग्रलेखातून जाहीर केली. धंद्यात एकमेकांच्या जिवावर उठलेली ही दोन पत्रं होती.

मिळालेलं आणि गेलेलं

समीक्षकांच्या बाबतीत फळ लवकर दिसलं. १९७१ मध्ये केनेडी सेंटर उघडलं आणि शहराला मोठा रंगमंच मिळाला. प्रयोग संपल्यावर रात्रीच्या मुदतीत परीक्षण लिहून सकाळच्या अंकात द्यायचं, हे काम पोस्टने जबाबदारीने केलं. १९७६ मध्ये ॲलन क्रीग्समन यांना समीक्षेचं पुलित्झर, म्हणजे अमेरिकी पत्रकारितेतलं सर्वांत मानाचं पारितोषिक, मिळालं. नृत्यसमीक्षकाला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. टॉम शेल्स यांना १९८८ मध्ये टीव्ही समीक्षेसाठी, हेन्री ॲलन यांना २००० मध्ये छायाचित्रांवरच्या लिखाणासाठी, रॉबिन गिव्हान यांना २००६ मध्ये फॅशनसाठी. शेवटचं नाव मुद्दाम घेतलं. १९६९ मध्ये ज्या विषयाला हलका समजून बाजूला सारलं होतं, त्याच विषयाने पुढे सर्वोच्च मान आणला.

आवाजाला दिलेल्या मोकळिकीची किंमतही मोजावी लागली. डिसेंबर १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार झ्बिग्निव्ह ब्रझिन्स्की यांच्यावर 'स्टाईल'ने व्यक्तिचित्रांची मालिका छापली. एका महिला पत्रकारासमोरच्या त्यांच्या वर्तनाविषयीचा त्यातला एक तपशील घडलेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी पोस्टने तसं छापून मान्य केलं. प्रसंग रंगवून सांगणाऱ्या लेखात एक प्रसंग खोटा निघाला की वाचक बाकीच्या सगळ्यांकडे संशयाने पाहतो. म्हणून अशा मजकुराला पहिल्या पानाच्या बातमीइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, कडक संपादन लागतं. 'फीचर आहे, जाऊ दे' हे वाक्य ज्या वृत्तपत्राच्या कार्यालयात ऐकू येतं तिथे धोका असतो.

गेलेलं काय? बायकांचं पान गेलं तशी बायकांच्या बातमीची राखीव जागा गेली. महिला संस्थांचं काम, पाळणाघरं, नोकरीतला भेदभाव, नव्याने उभी राहत असलेली स्त्रीचळवळ या विषयांना आता जागेसाठी नटनट्या आणि राजकारण्यांच्या चित्रांशी स्पर्धा करावी लागे. तत्त्वतः ते विषय मुख्य अंकात जायचे होते. मुख्य अंक पुरुषांच्या हातात होता. आणि ज्या विभागाची सूत्रं वर्षानुवर्षं एका बाईकडे होती ती नव्या रूपात लव्हेंथॉल, मग टॉम केंड्रिक, मग शेल्बी कॉफी अशी पुरुषांकडे गेली. १९८०च्या दशकात मेरी हदार आल्या तेव्हा पुन्हा एक स्त्री तिथे बसली. मधल्या काळात, १९७२ मध्ये, पोस्टच्याच स्त्री पत्रकारांनी नोकरीतल्या भेदभावाची तक्रार थेट समान रोजगार संधी आयोगाकडे नेली होती. वाचकांसाठी पानावरची स्त्री-पुरुष ही भिंत पडली, कार्यालयातली जागच्या जागी राहिली. पान बदलणं हा मांडणीचा निर्णय होता. नेमणुका आणि पगार बदलायला वेगळा निर्णय लागतो, आणि तो त्या वेळी कुणी घेतला नाही. हे दोन्ही निर्णय एकाच बैठकीत घेता आले असते असं मला ठामपणे वाटतं.

नक्कल मात्र झपाट्याने झाली. 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने १९७० मध्ये 'व्ह्यू' काढला. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १९७६ पासून 'वीकेंड', 'लिव्हिंग', 'होम' अशा विभागांची रांगच लावली. अमेरिकेतल्या गावोगावच्या दैनिकांत बायकांच्या पानाची पाटी उतरली आणि 'लाईफस्टाईल'ची चढली. पाटी उतरवणं सोपं होतं, मालकाला थोपवून धरणारा संपादक प्रत्येक गावी नव्हता. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी लग्नाच्या बातम्या गेल्या आणि त्यांच्या जागी वृत्तसंस्थेकडून आलेल्या हॉलिवूडच्या चकचकीत बातम्या आल्या, ज्यात ते गावच नव्हतं.

हा विभाग ज्या पैशावर उभा होता तो कपड्यांच्या आणि घरसामानाच्या मोठ्या दुकानांचा होता. वॉशिंग्टनमध्ये 'वुडवर्ड अँड लोथ्रॉप', 'गारफिंकल्स', 'हेक्ट्स' यांच्या पानपानभर जाहिराती या पानांलगत येत. १९८१ मध्ये 'स्टार' बंद पडल्यावर शहरात पोस्टला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी उरला नाही आणि पुढची दहा-बारा वर्षं सुबत्तेची गेली. १९९० मध्ये 'गारफिंकल्स' बंद झालं, १९९५ मध्ये 'वुडवर्ड अँड लोथ्रॉप'. पाठोपाठ जाहिरातदार इंटरनेटकडे वळले. २००९ मध्ये पुस्तकांची स्वतंत्र छापील पुरवणी 'बुक वर्ल्ड' बंद होऊन तिचा मजकूर इतर विभागांत गेला, २०१३ मध्ये पत्र जेफ बेझोस यांनी २५ कोटी डॉलरना घेतलं आणि २०२२च्या डिसेंबरात रविवारचं मासिकही थांबलं.